मिस्त्रींचा कान

पान्यावर जोर देऊन तिनं नट शेवटचा पाव फेरा आवळला, लाकूड कोरणारं पोलादी बिट दोन बोटांत धरून हलवून पाहिलं आणि ते फिरवणारं दोन मुठींचं यंत्र, राउटर, फळीवर ठेवलं.

“बिट तळाला टेकलंय का?” मिस्त्रींनी विचारलं.

“टेकवलं, मग केसभर वर घेतलं, मग आवळलं.”

“आं?”

“वर घेतलंय म्हटलं!”

“मग ओरडतेस कशाला? कर सुरू.”

मिस्त्री टेबलाच्या पलीकडच्या टोकाला उभे होते. एक तळहात फळीला लागून टेबलावर पालथा, आणि मान जराशी कललेली, कान यंत्राकडे. तिनं चष्मा चढवला, दोन्ही मुठी धरल्या आणि बटण दाबलं. राउटर गुरगुरला, आवाज चढत चढत एका पट्टीला जाऊन थांबला, आणि बिट लाकडात उतरलं तसा भुसा तिच्या मनगटांवर उडायला लागला.

फळी एकसंध होती, लांब, गाठ नसलेली. वरच्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या जिन्याला कठडा हवा होता. बाईंच्या खुब्याचं हाड मोडून बसवलं होतं आणि आधाराशिवाय त्यांना वरच्या खोलीत जाता येत नव्हतं. फळीच्या खालच्या अंगाला लोखंडी पट्टी बसण्यापुरती खाच पाडायची, मग वरच्या कडा गोल करायच्या. “मुठीत आला पाहिजे कठडा,” मिस्त्री म्हणाले होते. “म्हाताऱ्या माणसाला कोपरा बोचता कामा नये.”

मिस्त्री हे त्यांचं नाव नव्हे, पण सगळी गल्ली त्यांना तेच म्हणायची, आणि बायको असून तीही चारचौघांत तेच म्हणायला लागली होती. तिला लोक मिस्त्रीणबाई म्हणत. सुरुवातीला ते थट्टेनं होतं. मग थट्टा गेली आणि नाव राहिलं.

काचबिंदूनं मिस्त्रींची नजर कडेकडेनं खाल्ली होती. वाळवी चौकट खाते तशी. वरून रंग शाबूत, आत भुगा. त्यांनी ते कितीतरी दिवस कुणाला कळू दिलं नाही. ठेच लागली की दगडाला शिव्या द्यायच्या, पेला सांडला की ठेवणाऱ्याला. शेवटी एकदा राउटर थेट लोखंडी शिकंज्यावर चढला. बिट मोडलं आणि त्याचा तुकडा त्यांच्या कानाजवळून जाऊन भिंतीत रुतला. त्यांनी यंत्र बंद केलं, वायर नीट गुंडाळली, वर फडकं टाकलं आणि घरी येऊन म्हणाले, “माझं झालं.”

दुकानाचं शटर खाली गेलं ते गेलंच. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. यंत्रांचं भय तिला नव्हतं, पण लाकडाशी तिचा संबंध झाडण्यापुरता. झाडायला म्हणूनच तिनं एके दिवशी शटर उघडलं, तर कपाटाची अर्धवट दारं मागायला गिऱ्हाईक दारात उभं.

“मिस्त्री नाहीत का?”

“आहेत की. होईल काम,” ती म्हणून गेली.

मिस्त्रींना कळलं तेव्हा ते बाजेवरून उठून बसले. “करणार कोण?”

“मी. तुम्ही सांगाल तसं.”

“म्हणजे मी उंटावरून शेळ्या हाकायच्या?”

“हाका. शेळीची तयारी आहे.”

कितीतरी दिवसांनी मिस्त्री हसले होते.

पहिली फळी तिनं वाया घालवली. राउटर उलट्या दिशेनं नेला आणि तो तिच्या हातातून उधळल्या बैलासारखा निघाला. मिस्त्रींनी मागून तिच्या हातांवर हात ठेवले. “बिट ज्या अंगाला फिरतं त्याच्या विरुद्ध ढकलायचं. मग ते तुला रोखतं, आणि रोखलं की ताब्यात राहतं. त्याच्या मर्जीनं गेलीस की ओढून नेतं. त्याला विरोध केला तरच ते सरळ चालतं.”

“म्हणजे नवऱ्यासारखंच,” ती म्हणाली.

हाताला ती चटकन सरावली. कानाचं काम मिस्त्रींचं होतं. ते बाहेर पायरीवर बसलेले असायचे आणि तिथूनच ओरडायचे, “बिटावर राळ चढलीय, साफ कर!” ती थांबवून बघायची, तर पात्याच्या धारेला तपकिरी लुकण चिकटलेलं. “आतले कार्बन संपत आलेत, खरखर ऐकू येत नाही का तुला?” उघडून पाहावं तर मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे झिजून वाटाण्याएवढे. तिला आधी ते काहीच ऐकू यायचं नाही. तिच्या लेखी यंत्र नुसतं ओरडत होतं. कानात कापसाचे बोळे घालायला गेली तर मिस्त्रींनी ते काढायला लावले. “कान बुजवलेस तर मशीन काय सांगतंय ते कळणार कसं? मी जन्मात कधी घातले नाहीत.”

आठवड्याच्या अखेरीला यंत्र मिस्त्रींच्या ताब्यात जायचं. टेबलावर जुनी चादर अंथरून ते त्याचा एकेक भाग सुटा करायचे. बारीक ब्रशानं जाळीतला भुसा काढायचा, बिटं रॉकेलमध्ये भिजवून दातांच्या ब्रशानं घासायची, ज्या दोन दांड्यांवर यंत्र खालीवर होतं त्यांना तेलाचा एकेक थेंब. बिट धरून ठेवणारी ती चिरलेली पोलादी नळी, जिला कॉलेट म्हणतात, ती फुंकून, पुसून, बोटाच्या टोकानं आतून चाचपून परत जागेवर. बिटं भोकं पाडलेल्या ठोकळ्यात ओळीनं उभी करायची. कुठलं कुठे हे बोटांना पाठ. त्या वेळी त्यांच्या हातांकडे बघणाऱ्याला ते आंधळे आहेत हे सांगूनही पटलं नसतं.

“दोघांत मिळून एक सुतार आहोत आपण,” ती म्हणायची.

“पाऊण मी,” मिस्त्री म्हणायचे. मग तिच्या हातचं एखादं काम बोटांनी तपासून झालं की पुटपुटायचे, “कानामागून आली आणि तिखट झाली.”

अलीकडे मात्र त्यांचं बोलणं आटलं होतं. रेडिओ त्यांनी बंद करून फळीवर ठेवून दिला. म्हणाले, सगळे तेच तेच बडबडतात. दूर नोकरीला असलेल्या लेकीचा फोन आला की, “आईशी बोल,” म्हणून फोन पुढे करायचे. कुणी दुकानात आलं की गप्प बसायचे, आणि तो गेल्यावर विचारायचे, “काय म्हणत होता?” तिला वाटायचं, डोळ्यांपायी माणूस आतून कडू झालाय. एकदा ती चिडून बोललीही होती, “आधी डोळे गेले, आता तोंडही गेलं का तुमचं?” त्याला त्यांनी काही उत्तर दिलं नव्हतं. ते मनाला लावून घेतलंय, असं तिनं धरून चाललं होतं.

खाचेची तिसरी फेरी चालू होती. पहिल्या दोन फेऱ्या हलक्या हातानं घेतल्या होत्या, थोडी थोडी खोली वाढवत, आता शेवटची. बिट अर्ध्या फळीपर्यंत सरळ आलं. मग आवाजात काहीतरी झालं. बिघाड म्हणावा असं नाही. चढावर ओझं नेणाऱ्या माणसाचा श्वास जड होत जातो तसा यंत्राचा सूर खाली खाली दबायला लागला. थरथर वाढली नव्हती. जळकाही वास नव्हता. तिनं हात तसाच ठेवला आणि मिस्त्रींची वाट पाहिली. आता ते ओरडतील.

मिस्त्री ओरडले. “हं! आता बरोबर!”

तिनं मान वर केली. मिस्त्रींचा चेहरा शांत होता. ओठांवर समाधान होतं, एखादं ओळखीचं भजन ऐकणाऱ्या माणसासारखं. तिनं मागे पडलेल्या खाचेकडे पाहिलं. खाच टोकाकडून तिच्याकडे येताना खोल खोल होत आली होती.

तिनं बटण सोडलं.

“झालं?” मिस्त्री म्हणाले.

तिनं यंत्र कलतं केलं. बिट कॉलेटमधून अंगठ्याच्या पेराएवढं खाली घसरून आलं होतं. आणखी हातभर ती पुढे गेली असती तर ते सुटलं असतं; भर वेगात, कुठेही. ते अजून फिरतच होतं, मंदावत, आणि त्याच्या समोर, टेबलाच्या त्या टोकाला, मिस्त्रींचा तळहात पालथा पसरलेला होता.

“अहो, हात काढा,” ती म्हणाली.

यंत्र थांबत आलं होतं. दुकानात दुसरा आवाज नव्हता. बाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

हात हलला नाही.

“अहो.”

मिस्त्री मान कलती ठेवून उभे होते. ते वाट पाहत होते, ती काही बोलेल याची.

तिनं प्लग काढला, राउटर आडवा ठेवला आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ गेली. त्यांचा हात उचलून आपल्या हातात घेतला, तसे ते दचकले.

“काय गं? काय झालं?”

गेल्या कितीतरी महिन्यांतलं त्यांचं ओरडणं तिला एकामागून एक आठवत होतं. ‘वेग कमी कर.’ ‘दाब देऊ नकोस.’ ‘हं, आता बरोबर.’ हीच तीन वाक्यं, आलटून पालटून. त्यांनी ‘वेग कमी कर’ म्हटलं की ती यंत्राकडे कान लावायची, ह्यांना काय ऐकू आलं असेल ते शोधायची. आणि शोधलं की काही ना काही सापडायचंच. तिला वाटे, बघा, यांना आधीच कळलं होतं. जळकं लागलं की ते बरोबर सांगायचे, त्याला नाक होतं. टेबल थरथरलं की बरोबर सांगायचे, त्याला तळहात होता. म्हणून तर पायरीवरची बसायची जागा सोडून ते टेबलाशी येऊन उभे राहायला लागले होते. ती म्हणायची, आत कशाला, भुसा खाताय? ते म्हणायचे, बाहेर ऊन लागतं.

यंत्र चालू आहे एवढं त्यांना कळत असेल. ते काय सांगतंय, हे कधीपासून कळेनासं झालं होतं?

तिचं हे चाललेलं असताना मिस्त्रींनी हात सोडवून घेतला आणि खाचेत बोट घातलं. तिला थांबवायचं सुचलं नाही. बोट त्यांच्या बाजूच्या टोकापासून निघालं, नेहमीच्या सवयीनं, तळ चाचपत, कडा चाचपत. अर्ध्या फळीपर्यंत ते सरळ गेलं. मग हळू झालं. मग थांबलं, थोडं मागे आलं, पुन्हा तिथूनच पुढे गेलं. जिथे खाच सगळ्यात खोल होती तिथे त्यांचं बोट अख्खं पेर आत गेलं, आणि तिथेच राहिलं.

“बिट सरकलं,” ते म्हणाले.

“हो.” या वेळी तिनं त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं.

“कॉलेट झिजलाय. माझ्या बोटाला कळायला हवा होता.”

“नाही कळत एवढं बोटाला.”

“एकदम नाही सरकलं. सरकत सरकत आलंय.” बोट पुन्हा खाचेतून मागे गेलं. “म्हणजे आवाज बदलत गेला असणार.”

तिनं आडव्या ठेवलेल्या राउटरकडे पाहिलं.

“तेव्हा मी काय म्हणालो?”

मिस्त्रींच्या भुवयांवर भुसा बसला होता. पापण्यांवरही. तो त्यांना कधी टोचत नसे. ती पदरानं तो पुसायला गेली आणि मध्येच थांबली. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, तोंड कानाजवळ नेऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

“‘थांब’ म्हणालात. दोनदा म्हणालात. मलाच ऐकू आलं नाही.”

मिस्त्रींनी तळहातानं फळी झाडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिच्यावर काही नव्हतं तरी.

“उद्या बाजारात जा,” ते म्हणाले. “कानावर लावायची ती झाकणं मिळतात, ती आण.”

“कुणाला?”

“तुला. मला काय करायचीत?” त्यांनी हात फळीवरून काढून घेतला. “एवढ्या आवाजात रोज उभं राहायचं म्हणजे कान जातात माणसाचे. कधी गेले ते कळतसुद्धा नाही.”

“तुम्हीच तर म्हणायचात, कान बुजवले की मशीन काय सांगतंय ते...”

“म्हणायचो,” मिस्त्री म्हणाले. “शहाणपणाच्या नावाखाली बरंच काय काय म्हणायचो.” आणि काठीनं उंबरा शोधत ते पायरीवर जाऊन बसले. ऊन उतरून समोरच्या भिंतीवर गेलं होतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिनं फोन नेऊन त्यांच्या कानाला लावला आणि तो धरून शेजारी बसून राहिली. मिस्त्रींनी मान डोलावत दोन-तीनदा ‘हो, हो’ केलं. मग म्हणाले, “पुढच्या महिन्यात बघू,” आणि मान वळवली. तिनं फोन घेतला.

“आई, बाबांना काय झालंय? मी विचारलं जेवलात का, तर म्हणतात पुढच्या महिन्यात बघू.”

“लाइन खराब आहे गं,” ती म्हणाली. “आणि जमलं तर ये चार दिवस. पुढच्या महिन्यात नको, आधीच ये.”

कानाच्या डॉक्टरांचा विषय तिनं दोनदा काढला. दोन्ही वेळा मिस्त्री म्हणाले, “तू जाऊन ये.” तिनं वाद घातला नाही. लेक आली की दोघी मिळून बघू, असं तिनं मनाशी ठरवलं.

नवा कॉलेट आणला. फळी तेवढी लांब मिळेना, शेवटी पार पलीकडच्या वखारीत मिळाली. बाईंकडे जाऊन तिनं थोडे दिवस मागून घेतले. काय बिघडलं विचारलं तेव्हा म्हणाली, माझा हात चुकला. कानावरची झाकणंही आणली. मिस्त्रींनी ती हातात घेऊन दाबून पाहिली, स्पंज बोटांनी चेपून पाहिला आणि स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावर चढवली. एका बाजूचे केस आत अडकले होते ते अंदाजानं सोडवले. मग ओठ हलवून काहीतरी विचारलं. तिनं एक झाकण वर केलं.

“घट्ट नाही ना होत?”

“नाही,” ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

त्या दिवशी मिस्त्रींना तिनं टेबलाच्या टोकाला उभं राहू दिलं नाही. आपल्या मागे, उजव्या अंगाला स्टूल ठेवलं आणि त्यावर बसवलं. ते मुकाट्यानं बसले. कॉलेट तिनं स्वतः फुंकून पुसला, बिट तळाला टेकवून केसभर वर घेतलं, नट आवळला, पुन्हा एकदा आवळला. पेन्सिलची रेघ पाहिली. बटण दाबलं.

झाकणांमुळे यंत्र लांब गेल्यासारखं वाटत होतं, पण हरवलं नव्हतं. पहिली फेरी सरळ गेली. दुसरीच्या मध्यावर सूर किंचित दबला. तिनं दाब कमी केला, तो वर आला. हे तिला आता विचार न करता कळत होतं, शिवणयंत्रावर धागा ताणलेला कळायचा तसं. कुणी ‘दाब देऊ नकोस’ म्हणालं नाही. कुणी काहीच म्हणालं नाही.

तिसऱ्या फेरीला यंत्र आत उतरवताना तिनं खांद्यावरून मागे पाहिलं. मिस्त्री स्टुलावर ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर, तोंड तिच्या दिशेनं, थोडं चुकलेलं. त्यांचे ओठ हलत होते. एरवी यंत्राच्या वरताण आवाज काढायची त्यांना सवय होती, पण आता ते ओरडत नव्हते. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसे सावकाश बोलत होते. वाक्य लांब होतं, पण झाकणांतून तिला शब्द ऐकू येत नव्हते. शेवटी थांबून त्यांनी मान जरा पुढे केली. काहीतरी विचारलं होतं, आणि ते उत्तराची वाट पाहत होते.

तिनं मान डोलावली. मग ते त्यांना दिसणार नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि ती “हो” म्हणाली. पुन्हा एकदा, मोठ्यानं, “हो!” म्हणाली.

मिस्त्री तसेच मान पुढे करून बसले होते. बिट लाकडात उतरलं होतं, आणि तिचे दोन्ही हात मुठींवर होते.